पियानोवादकाचे शरीर आणि योगाभ्यास

पियानो वाजवणाऱ्याकडे पाहताना नजर बोटांवर खिळते, पण बोटांच्या पेरांमध्ये स्नायू नसतातच. बोटे वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांच्या लांब कंडरा मनगटातून पुढे जाऊन पेरांना ओढतात. काही छोटे स्नायू तेवढे तळहातात असतात. कोपराखालचा हात दंडाला जोडलेला, दंड खांद्याला, आणि खांद्याचा सगळा सांगाडा धडाच्या हाडांना फक्त एकाच ठिकाणी भिडतो: हासळीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे. बाकी सारा भार मान, पाठ आणि छातीचे स्नायू पेलतात. कावडीच्या काठीला दोन्ही टोकांना ओझे लटकावे, तसे दोन्ही हात या सांगाड्याला लटकलेले असतात. म्हणून पाठ खचली की खांदा पुढे येतो, खांदा पुढे आला की कोपर अडखळते, आणि त्याची किंमत शेवटी करंगळी आणि अनामिका मोजतात.

पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. ती दाबायला साधारण ५० ग्रॅम भार पुरतो, आणि हाताचे स्वतःचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. म्हणजे पियानोवादनात बळाची टंचाई क्वचितच पडते. अडचण असते ती नको त्या ठिकाणी खर्च होणाऱ्या बळाची. ८८ पट्ट्यांचा फलक सव्वा मीटरच्या आसपास रुंद असतो. त्याच्या दोन्ही टोकांना हात पोचवायचे, मधेच आठ स्वरांचा पल्ला एका पंजात धरायचा, अंगठा बोटांखालून सरकवायचा, आणि हे सगळे तासन्‌तास एकाच स्टुलावर बसून करायचे. या कष्टात शरीर हळूहळू काही वाईट सवयी लावून घेते. अवघड जागा आली की खांदे कानांकडे चढतात. मान स्वरलिपीच्या कागदाकडे झुकते. बोट वाकवणारे आणि ते सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आखडतात, त्यामुळे हात स्वतःशीच झुंजत राहतो. अनामिका स्वतंत्रपणे उचलता येत नाही, कारण तिला उचलणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या बंधांनी बांधलेली असते; पण पुष्कळ विद्यार्थी ती जबरदस्तीने उचलू पाहतात आणि मनगट दुखवून घेतात.

मनगटाची रचनाही मोठी नाजूक आहे. तळहाताच्या मुळाशी हाडे आणि एक जाड अस्थिबंध यांच्यामध्ये जो अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि हाताची मध्य चेता अशा दहा गोष्टी दाटीवाटीने जातात. कंडरांची आवरणे सुजली तर चेता दाबली जाते आणि अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत मुंग्या येतात. हा कार्पल टनेलचा विकार. संगीताच्या इतिहासात हात गमावण्याच्या कथा काही थोड्या नाहीत. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताची बोटे निकामी होऊ लागली आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न संपले. त्याने बोटांच्या व्यायामासाठी एक यांत्रिक साधन वापरले होते, मात्र नेमके कारण काय यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. अमेरिकन वादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६४ च्या सुमारास आपोआप आत वळू लागली, आणि पुढची तीस वर्षे ते मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले.

संगीतकाराचे हात आणि योग यांची गाठ जगाच्या नजरेत पहिल्यांदा ठळकपणे पडली ती महाराष्ट्रात, आणि त्यात पियानो नव्हता, व्हायोलिन होते. येहुदी मेन्युहिन लहानपणापासून जगभर गाजलेले वादक. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अखंड दौऱ्यांनंतर शरीर थकले होते आणि बालपणी सहज साधलेले तंत्र हातून निसटू लागले होते. १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका उपचारकाच्या प्रतीक्षागृहात योगासनांवरचे एक छोटे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी आपले आपणच आसने करायला सुरुवात केली. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि दुष्काळनिधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. मुंबईत त्यांच्या भेटीसाठी पुण्याहून एक योगशिक्षक बोलावले गेले: बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार.

अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे, जन्म १९१८ चा. बालपण आजारपणात गेलेले. म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे योग शिकून ते १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शिकवण्यासाठी पुण्याला आले आणि पुणेकरच झाले. मेन्युहिन यांनी त्यांना पाचच मिनिटे देऊ केली, कारण ते फार थकले होते. अय्यंगारांनी त्यांना काही करून दाखवायला न सांगता शवासनात निजवले. मेन्युहिन यांना गाढ झोप लागली. तासाभराने ते ताजेतवाने होऊन उठले आणि पुढचे दोन तास त्यांनी अय्यंगारांसोबत घालवले. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावले, आणि निरोप देताना एक घड्याळ भेट दिले. आपले सर्वांत चांगले व्हायोलिन-शिक्षक, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेले होते. स्वतः व्हायोलिनवादक नसलेल्या माणसाला हा मान मिळाला. १९६६ मध्ये लंडनहून निघालेल्या अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योग’ या ग्रंथाला प्रस्तावनाही मेन्युहिन यांचीच आहे.

या ओळखीतून युरोपातले इतर संगीतकारही अय्यंगारांकडे आले. त्यांत क्लिफर्ड कर्झन आणि लिली क्राउस हे दोन नामवंत पियानोवादक होते, तसेच चेलोवादक जॅकलिन दु प्रे. पुढे १९७५ मध्ये पुण्यात शिवाजीनगर भागात रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था उभी राहिली आणि जगभरचे लोक शिकायला तिथे येऊ लागले. अय्यंगारांचे निधन २०१४ मध्ये पुण्यातच झाले.

स्वतः वादक नसलेल्या या शिक्षकाकडून वादकांना मिळाले तरी काय? बोटांची लवचिकता हे त्याचे सोपे उत्तर आहे, आणि ते चुकीचे आहे. बोटांना ताण देण्याचे व्यायाम पियानोच्या शाळांत शतकभर चालत आले होते; त्यासाठी योगाची गरज नव्हती. पतंजलींनी आसनाची जी व्याख्या केली, तिचे दोन भाग आहेत: शरीर स्थिर असावे आणि त्या स्थैर्यात सुख असावे. ते कसे साधावे, हे सांगताना त्यांनी प्रयत्न सैल करण्यावर भर दिला आहे. पियानोवादकाची खरी गरज नेमकी हीच. ताडासनात दोन्ही तळव्यांवर वजन सारखे ठेवून उभे राहिलेल्या माणसाला काही मिनिटांत कळते की आपला उजवा खांदा विनाकारण वर ओढलेला आहे. तेच वळण तो वाजवताना वागवत असतो, पण वाजवताना लक्ष सुरांत असल्याने ते कळत नाही. आसनात सूर नसतात, स्पर्धा नसते, श्रोते नसतात. उरते फक्त शरीर, आणि जास्तीचा ताण उघडा पडतो. योगाचा पियानोवादकाला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. इतर लाभ त्याच्या मागून येतात.

अय्यंगारांच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, भिंतीत बसवलेल्या दोऱ्या यांचा जो वापर होतो, तोही वादकाला विशेष उपयोगी. पियानोवादक दिवसातले कितीतरी तास बसून काढतो, म्हणून खुर्चीवरच्या आसनांपासून आरंभ करणे योग्य. नितंबांखालच्या दोन्ही हाडांवर सारखे वजन, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, मणका ताठ पण ताणलेला नाही: ही बैठक आधी साधावी. खुर्चीवरच्या भारद्वाजासनात कमरेपासून पाठीचा वरचा भाग दोन्ही बाजूंना वळतो. फलकाच्या टोकांकडे हात पोचवताना जी वळणाची गरज पडते, ती यामुळे मणका पूर्ण करू लागतो. एरवी ती सगळी खांद्यावर पडते. कमरेतून पुढे वाकून टेबलावर किंवा भिंतीवर तळवे टेकवत केलेले अर्धे अधोमुख श्वानासन बगला मोकळ्या करते, आणि मनगटांवर भारही टाकत नाही.

खांद्यांसाठी दोन आसने विशेष महत्त्वाची आहेत. गोमुखासनात एक हात वरून आणि दुसरा खालून पाठीमागे नेऊन बोटे गुंफायची असतात. बहुतेकांची बोटे एका बाजूला सहज भेटतात, दुसऱ्या बाजूला भेटत नाहीत. अशा वेळी मध्ये पट्टा धरावा. गरुडासनात दोन्ही हात एकमेकांभोवती वेढले की पाठीच्या दोन फऱ्यांमधली जागा उघडते. पियानोवर पुढे झुकून बसणाऱ्याची नेमकी हीच जागा सगळ्यात जास्त दुखते. बोटे गुंफून, तळवे बाहेर करून हात डोक्यावर उचलण्याच्या पर्वतासनात मनगटाच्या आतल्या बाजूला हलका ताण मिळतो. गुंफण बदलून, म्हणजे दुसरा अंगठा वर ठेवून, ते पुन्हा करावे. नेहमीपेक्षा वेगळी गुंफण विचित्र वाटते, आणि हाताची सवय किती पक्की असते हे त्यातून कळते.

पाठीच्या बळाकडे मात्र अनेक जण दुर्लक्ष करतात. भुजंगासन आणि शलभासन यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू बळकट होतात. पाठ आधार देऊ लागली की दंड खांद्यातून सैल लटकू शकतो, आणि मग पट्टी खाली नेण्याचे काम बोटांच्या जोराऐवजी हाताच्या वजनाने होते. पियानोचे शिक्षक विद्यार्थ्याला हात जड सोडायला सांगतात; पाठीत ताकद नसलेल्या विद्यार्थ्याला ते जमत नाही, कारण हात सोडला की त्याचे सगळे धडच पुढे कोसळते.

श्वासाचा मुद्दा पियानोच्या बाबतीत इतर वाद्यांपेक्षा वेगळा आहे. गायकाला आणि बासरीवाल्याला श्वासाशिवाय सूरच निघत नाही, त्यामुळे तो रोखला की चूक लगेच ऐकू येते. पियानोवादकाचा सूर श्वासावर अवलंबून नाही. अवघड तानेत तो सहा-सात सेकंद श्वास रोखून धरतो आणि त्याला ते समजतही नाही. श्वास रोखला की श्वासपटल ताठरते, पोटाचे आणि मानेचे स्नायू आखडतात, आणि जो हात आताच मोकळा वाहायला हवा तोच घट्ट होतो. योगाभ्यासात प्रत्येक हालचाल श्वासाशी जोडलेली असते: हात वर जाताना पूरक, म्हणजे श्वास घेणे, खाली येताना रेचक, म्हणजे श्वास सोडणे. काही महिन्यांच्या सरावाने ही जोड अंगवळणी पडते. मग वादक रचनेतल्या वाक्यांच्या शेवटी आपसूक श्वास सोडू लागतो. असे वादन ऐकणाऱ्यालाही वेगळे जाणवते, कारण वाक्यांच्या मध्ये विसावा येतो.

रंगमंचावरची भीती हा वादकाचा जुना शत्रू. कार्यक्रमाच्या आधी अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदयाची गती चढते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटे गार पडतात. तळवे घामेजतात, हात कापतो. पियानोवादकाला याचा त्रास विशेष जाणवतो, कारण गार आणि ओल्या बोटांनी गुळगुळीत पट्ट्यांवर चालायचे असते. काही वादक यावर हृदयगती मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधे घेतात. ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे. प्राणायामाचा मार्ग संथ आहे पण तो शरीराच्या रचनेतून जातो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना ती कमी होते. रेचक लांबवला आणि श्वासांची संख्या मिनिटाला सहाच्या आसपास आणली, की हृदयाला विसावा देणाऱ्या चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो. उज्जायी, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी या प्राणायामांमध्ये हेच घडते. कुंभक, म्हणजे श्वास धरून ठेवणे, नवशिक्याने भीती घालवण्यासाठी करू नये. त्याची गरजही नाही.

हे दावे कसोटीला लावण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही सुरू झाले. संगीतकारांच्या बाबतीतला एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूड या उन्हाळी संगीतमहोत्सवात झाला. सतबीरसिंग खालसा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तरुण व्यावसायिक वादकांपैकी तीस जणांनी दोन महिने योग आणि ध्यान केले, आणखी पंधरा जणांनी केले नाही. योग करणाऱ्यांची सर्वसाधारण चिंता, उदासी आणि राग हे लक्षणीय कमी झाले, आणि रंगमंचावरची भीतीही कमी होण्याकडे कल दिसला. पण वाजवल्यामुळे होणाऱ्या स्नायू-सांध्यांच्या दुखण्यात फरक पडला नाही, झोपेतही पडला नाही. दुखण्यासाठी दोन महिने अपुरे पडले असतील, किंवा सामान्य वर्गापेक्षा वादकाच्या हाताला धरून आखलेला अभ्यास हवा असेल. पण योगाने हात बरा होतो असे सरसकट सांगणाऱ्याने हा निष्कर्ष नजरेआड करू नये.

मनगटाविषयी अधिक आशादायक निष्कर्ष त्याआधीच, १९९८ मध्ये, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला होता. मेरियन गार्फिंकल यांनी कार्पल टनेलच्या ४२ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला अय्यंगार पद्धतीवर आधारलेली ११ आसने आणि शिथिलीकरण आठवड्यातून दोनदा, असे आठ आठवडे शिकवले. दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांसोबत मनगटाची पट्टी दिली. योगाच्या गटात पकडीची ताकद वाढली आणि वेदना कमी झाली. मात्र चेतेतून संदेश जाण्याच्या वेगात उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही. रुग्ण संगीतकारांतून निवडलेले नव्हते, संख्याही लहान होती. तरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की ही आसने केवळ मनगटासाठी नव्हती. शरीराच्या वरच्या भागातल्या प्रत्येक सांध्याला बळ, ताण आणि तोल देण्यासाठी ती निवडलेली होती. अय्यंगारांकडून वादकांना मिळालेले शिक्षण याच वळणाचे होते.

भारतात पियानो मोजक्याच घरांत असतो. तो महाग, अवजड, आणि पावसाळी दमट हवेत त्याचे लाकूड फुगते, सूर बिघडतात. छत्तीसगडमधल्या भिलाईजवळच्या अहिवाऱ्यासारख्या गावातले मूल सुरांच्या पट्ट्यांवर पहिल्यांदा बोट ठेवते ते बहुधा हार्मोनियमवर किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर. १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जिथे आहे ते खैरागडही त्याच भागातले, आणि तिथल्या शास्त्रीय संगीताच्या वातावरणातही पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे ओळखीचे वाद्य. योगाचा विचार पेटी आणि कीबोर्ड या दोन्ही वाद्यांना लागू पडतो, पण जरा वेगळ्या अंगाने. पेटीवाला मांडी घालून बसतो, एका हाताने भाता हलवतो, दुसऱ्याने पट्ट्या दाबतो. त्याचे धड सतत एका बाजूला झुकते आणि भात्याकडचा खांदा वेगळ्या प्रकारे दमतो. त्याने वीरासन किंवा सुखासन नितंबांखाली, गुडघ्यांखाली घडी केलेल्या चादरीचा आधार घेऊन साधावे, आणि प्रत्येक वळणाचे आसन दोन्ही बाजूंना सारखेच करावे. कमी वळणारी बाजू आधी करून पाहावी आणि शेवटी पुन्हा एकदा करावी. कीबोर्डवाल्या मुलांची अडचण स्टँडची उंची असते. स्टँड मोठ्यांच्या मापाचा, खुर्ची घरातली, पाय लोंबकळलेले. पट्ट्यांच्या पातळीला कोपर येईल इतकी खुर्ची उंच करून पायांखाली पाट ठेवला, तर बरीच दुखणी उद्भवतच नाहीत. हे आसन नव्हे, पण सगळ्या आसनांच्या आधीचे काम आहे.

अभ्यासाची वेळ वाजवण्याच्या वेळेपासून वेगळी ठेवणे हिताचे. मोठा ताण देणारी आसने वाजवण्याच्या लगेच आधी करू नयेत. ताणून सैल झालेल्या स्नायूंना अचूक, झटपट हालचालीवर लगेच पकड मिळत नाही. वाजवण्याआधी ताडासन, खांद्यांच्या हलक्या हालचाली आणि पाच मिनिटे संथ श्वास पुरेसे आहेत. लांब सरावानंतर मात्र विपरीत करणी, म्हणजे भिंतीला पाय टेकवून आडवे होणे, आणि शवासन यांना वेळ द्यावा. शवासनात हात शरीरापासून जरा दूर, तळवे वर, बोटे आपसूक वळलेली ठेवतात. पियानोवर हात अलगद ठेवल्यावर पंजाला जी स्वाभाविक कमान येते, तिची जाण इथे मिळते.

ज्यांचे सांधे जन्मतःच सैल असतात, ज्यांचा अंगठा सहज मनगटाला लागतो, त्यांनी ताणाच्या आसनांत शेवटच्या टोकापर्यंत जाऊ नये. त्यांना बळ देणारी आसने हवीत. मनगट दुखत असताना तळहातांवर सगळा भार टाकणारी चतुरंग दंडासनासारखी आसने टाळावीत, किंवा भार कोपरांवर घ्यावा. बोटांत बधिरपणा, रात्री जाग आणणाऱ्या मुंग्या, वस्तू हातातून निसटणे, किंवा एखादे बोट इच्छेविरुद्ध आत वळणे ही लक्षणे दिसली तर आधी अस्थितज्ज्ञ किंवा मेंदू-चेतातज्ज्ञाकडे जावे. फ्लायशर यांना झालेला विकार हा स्नायूंचा नसून मेंदूकडून हालचालीच्या होणाऱ्या आखणीचा होता. १९९० च्या दशकात बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनांनी आणि खोल मर्दनाच्या उपचारांनी त्यांचा उजवा हात पुन्हा पट्ट्यांवर आला, आणि २००४ मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेले त्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले.